पितांबरी खाली ठेवा, मग बोलू: जुनी आयरिश तांब्याची नाणी कशी पारखावीत

तुमचा प्रश्न इतरांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ राहता. शेजारच्या आजींनी घर आवरताना बिस्किटांचा एक जुना डबा तुमच्या मुलाला देऊन टाकला. त्यात सात नाणी निघाली: १६८९, १७२३, १७६०, १७८१, १८०५, १८२२ आणि १९२८ सालांची. एका दुकानदाराने सगळ्यांचे मिळून चाळीस युरो देऊ केले आणि १६८९चं नाणं ‘बहुधा खोटं’ म्हणून बाजूला सारलं. चाळीस युरो रास्त आहेत का, साफ करून भाव वाढेल का, आणि १६८९चं खरंच खोटं आहे का, हे तुम्हाला हवंय. आणि जाता जाता लिहिलंय, ‘१८२२चं एक पितांबरीने घासून पाहिलं, मस्त चमकतंय.’

ते वाक्य वाचून मी कपाळावर हात मारला. तुम्हाला बोल लावत नाही. आपल्या घरात तांबं म्हणजे देवघरातलं ताम्हण, पळी, पाण्याचा तांब्या. ते काळवंडलं की चिंच लावायची, राखेने घासायचं, लखलखलं की गृहिणीचं कौतुक. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाच्या हातात काळपट तांब्याचं नाणं दिलं तर हात आपोआप चिंचेकडे जाणारच. माझाही गेला होता, सत्तावीस वर्षांपूर्वी. पण नाण्याचं शास्त्र भांड्याच्या अगदी उलट. भांड्यावरचा काळेपणा म्हणजे मळ, नाण्यावरचा तपकिरीपणा म्हणजे त्याची कातडी. तांब्याची हवेशी हळूहळू गाठ पडून शे-दोनशे वर्षांत तो पातळ, एकसंध, चॉकलेटी थर तयार होतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. आम्ल लावलं की तो थर जातो आणि खालून जी गुलाबी-नारिंगी चमक येते ती टांकसाळीतून आलेली चमक नव्हे. खरी चमक नाणं तिरकं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. घासलेलं नाणं नुसतंच सगळीकडून सारखं लकाकतं, आणि भिंगाखाली त्यावर केसासारखे बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसतात. जाणकार गिऱ्हाईक ते दोन सेकंदांत ओळखतं आणि किंमत निम्म्याहून खाली आणतं.

तेव्हा १८२२ची पेनी आता आठवण म्हणून ठेवा. राजा चौथ्या जॉर्जची पेनी आणि हाफपेनी १८२२ आणि १८२३ अशी दोनच वर्षं निघाली. १८२६च्या जानेवारीत आयर्लंडचं वेगळं चलनच संपलं, त्यामुळे स्वतंत्र आयरिश तांब्याची ती शेवटची फेरी. नाणं बऱ्यापैकी मिळतं, पण न घासलेलं, कडा शाबूत असलेलं मात्र दर वेळी मिळत नाही. तुमचं तसं होतं की नाही हे आता कळायला मार्ग नाही. पुन्हा काळं करायला जाऊ नका. कागदाच्या पाकिटात घालून ठेवलंत तर काही वर्षांनी आपोआप मंदावेल, पण ओरखडे राहणार.

पुन्हा काळं करण्याबद्दल एक गंमत सांगतो. इथे आलो त्या पहिल्या वर्षी रविवारच्या बाजारात एका विक्रेत्याकडून सुंदर गडद तपकिरी हाफपेनी घेतली. भाव थोडा जास्त होता, पण रंग पाहून भुललो. घरी आणून पांढऱ्या सुती रुमालावर ठेवली, जरा घासली गेली, आणि रुमालावर तपकिरी डाग. वास घेतला तर बुटाच्या पॉलिशचा. कोणीतरी नाणं घासून चकचकीत केलं होतं, आणि चूक लक्षात आल्यावर वरून पॉलिश चोपडलं होतं. ती हाफपेनी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तेव्हापासून रंग ‘फार छान’ दिसला की मी आधी खोलगट भागात बघतो: अक्षरांच्या पोटात, वीणेच्या तारांमध्ये. खरा थर उंच भागावर थोडा उजळ आणि खोलात गडद असतो, पण त्याचा पोत सगळीकडे एकच. लावलेला रंग खोलात साचतो आणि तिथे मेणासारखा दिसतो.

मग काहीच करायचं नाही का? दोनच गोष्टी करता येतात. माती किंवा हाताचं तेल असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस बुडवून ठेवा, मग मऊ कापडावर टिपून घ्या. पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. जुन्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये राहून हिरवट चिकट थर आला असेल तर शुद्ध ॲसिटोन चालतं, कारण ते धातूला हात लावत नाही, फक्त चिकटा उचलतं. नेलपॉलिश काढायचं रंगीत-सुगंधी द्रव नको, आणि खिडकी उघडी ठेवून, विस्तवापासून लांब.

हिरव्याबद्दल मात्र वेगळं बोललं पाहिजे, कारण आयर्लंडच्या दमट हवेत ते फार दिसतं. आपण म्हणतो ना, कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट कढी राहिली आणि कळकली, तसा हा कळंक. पण नाण्यावर तो दोन जातींचा येतो. एक घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा. तो नखाने निघत नाही, स्थिर असतो, त्याला हात लावू नका. दुसरा फिकट, पिस्त्याच्या रंगाचा, पिठासारखा. लाकडी दातकोरणीचं टोक लावलं की भुकटी होऊन पडतो आणि खाली खड्डा दिसतो. हा रोग आहे. नाण्यात मीठ, म्हणजे क्लोराइड शिरलेलं असतं. दमट हवा मिळाली की त्यातून आम्ल तयार होतं, ते तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड सुटतं आणि चक्र चालू राहतं. असं नाणं आधी वेगळं काढा, डिस्टिल्ड वॉटर रोज बदलत काही आठवडे भिजवा, पूर्ण कोरडं करा आणि सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डबीत ठेवा. तुमच्या १७६०च्या फोटोत छापलेल्या चेहऱ्याच्या मानेखाली मला असा एक ठिपका वाटतोय. दातकोरणी लावून बघा आणि सांगा.

आता पारख. चार साधनं पुरेत: दहापट भिंग, एक दशांश ग्रॅम दाखवणारा काटा, कॅलिपर आणि एका बाजूने प्रकाश टाकणारा टेबललॅम्प. नाणं समोरून उजेडात बघितलं तर सगळंच बरं दिसतं. दिवा टेबलाच्या पातळीवर आणा, नाणं कडेने धरा (पृष्ठभागावर बोट टेकवायचं नाही, घामाचा ठसा वर्षभरात कायमचा उमटतो) आणि सावकाश फिरवा. ओरखडे, भरलेली भोकं, गंजून घासलेले खड्डे सावल्या टाकायला लागतात.

स्थितीची प्रतवारी इथे जुन्या ब्रिटिश पद्धतीने करतात: फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड. नावांवर जाऊ नका. ‘फाइन’ म्हणजे आपल्या भाषेत ‘चांगलंच झिजलंय, पण काय आहे ते कळतं’. अमेरिकन मंडळी एक ते सत्तरपर्यंत गुण देतात आणि तांब्याच्या रंगासाठी तपकिरी, लालसर-तपकिरी, लाल असे तीन शेरे जोडतात. पद्धत कुठलीही असो, झीज आधी उंचवट्यांवर येते आणि ते उंचवटे नाण्यागणिक ठरलेले आहेत. राजाच्या बाजूला कानावरचे केस आणि डोक्यावरच्या पानांच्या माळेच्या शिरा. मागच्या बाजूला आयरिश वीणा. जवळून पाहिली तर तिच्या पुढच्या खांबावर पंख असलेली एक बाई कोरलेली दिसेल. तिची छाती सगळ्यात उंच, म्हणून ती सगळ्यात आधी सपाट होते. छातीचा उभार आणि पंखाची पिसं अजून वेगळी दिसत असतील तर नाणं फार फिरलेलं नाही. पिसं गेली, पण तारा मोजता येतात, तर मधलं. तारांचाही एकच पट्टा झाला असेल तर फाइन किंवा त्याखाली. मी वर्ष वाचायच्याही आधी त्या बाईकडे बघतो.

इथे नवखा माणूस हमखास फसतो ते झीज आणि कच्चा ठसा यांत. छापताना दाब कमी पडला तरी तो भाग सपाटच दिसतो. फरक असा: झिजलेला भाग गुळगुळीत आणि जरा लकाकणारा असतो, आणि शेजारच्या अक्षरांच्या कडाही गोल झालेल्या असतात. कच्च्या ठशात तोच भाग खडबडीत राहतो, तांब्याच्या कोऱ्या चकतीचा मूळ पोत तिथे तसाच असतो, आणि नाणं उलटवलं तर बरोबर त्याच्या पाठीमागची जागाही फिकी निघते. तुमचं १७६०चं नाणं यासाठी उत्तम उदाहरण आहे. त्यावर राजा जॉर्जचं नाव नाहीच. ‘व्होके पोप्युली’, म्हणजे ‘जनतेच्या आवाजाने’, असं लॅटिन आहे. त्या वर्षी डब्लिनमध्ये सुट्ट्या पैशांचा खडखडाट झाला होता आणि किंग स्ट्रीटवरच्या रोश नावाच्या बटणं करणाऱ्या कारागिराने ही हाफपेनी आणि फार्दिंग (पाव पेनी) पाडली, असं मानलं जातं. चेहरा राजाचा नाही, मग कोणाचा? यावर मंडळी अजून भांडतात. कोणाला त्यात स्टुअर्ट घराण्याचा दावेदार राजपुत्र दिसतो. बटणाच्या कारखान्यातला माल, तेव्हा ठसे ओबडधोबड, वजनं मागेपुढे, काहींवर तर सहाचा आकडा चुकून १७०० साल उमटलेलं. अशा नाण्यावर केस पुसट दिसले म्हणून लगेच खालची प्रत देऊ नका. दुकानदाराने बहुधा तेच केलं. तुमच्या फोटोत केस पुसट आहेत, पण अक्षरांच्या कडा धारदार आहेत आणि चेहऱ्यापुढचं लहानसं ‘पी’ अक्षर स्वच्छ आहे. माझ्या मते हे व्हेरी फाइनच्या जवळ जातं.

आता तुमचं १६८९चं. याच्यावर जरा बसतो, कारण दुकानदाराचा संशय वरवर अगदी तर्कशुद्ध आहे. नाण्यावर गादी गमावलेला इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याचं डोकं, मागे मुकुट आणि त्याखाली फुलीसारखे दोन राजदंड, वर रोमन आकड्यांत बारा, खाली महिना: जानेवारी. साल १६८९. आणि जेम्स आयर्लंडमध्ये किन्सेलला उतरला तो मार्च १६८९ मध्ये. जो माणूस अजून आलाच नव्हता त्याचं जानेवारीतलं नाणं कसं? म्हणून खोटं.

उत्तर पंचांगात आहे. त्या काळी तिथे नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे डिसेंबर १६८९ नंतर जो जानेवारी आला तोही १६८९चाच. आजच्या हिशेबाने तो जानेवारी १६९०. आपल्याकडे गुढीपाडव्याला शक बदलतो, म्हणून जानेवारीत इंग्रजी साल पुढे गेलं तरी शक जुनाच असतो. तीच गोष्ट. याच कारणाने मार्च महिन्याची नाणी १६८९चीही सापडतात आणि १६९०चीही. तेव्हा तारखेवरून तरी ते खोटं ठरत नाही. उलट खोटं करणाऱ्याला हे बारकावे सुचणं अवघड.

या नाण्यांना गनमनी म्हणतात, म्हणजे तोफांचा पैसा. गादी परत मिळवायला निघालेल्या जेम्सकडे सैन्याला द्यायला चांदी नव्हती. मग जुन्या तोफा, फुटक्या घंटा, स्वयंपाकघरातली भांडी वितळवून डब्लिनला आणि पुढे लिमरिकला पितळी नाणी पाडली: सहा पेन्स, शिलिंग (बारा पेन्स), हाफक्राउन (तीस पेन्स). महिना छापण्याचं कारण असं सांगतात की युद्ध जिंकल्यावर ती महिन्यांच्या क्रमाने चांदी देऊन परत घ्यायची होती. १६९०च्या वसंतात धातूही संपत आला तेव्हा आकार लहान केला, आणि मोठ्या हाफक्राउनवरच पुन्हा ठसा मारून त्यांचे क्राउन (साठ पेन्स) केले. जुलैमध्ये बॉइनच्या लढाईत जेम्स हरला आणि पळाला. त्याच्या जागी गादीवर बसलेल्या विल्यमच्या सरकारने लगोलग भाव उतरवला. तीस पेन्सचं मोठं हाफक्राउन एका पेनीला! ज्याच्या घरात पगार म्हणून पोतंभर साठली होती त्याचं काय झालं असेल?

तुमच्याकडचं शिलिंग आहे. पारखताना तीन गोष्टी. पहिली, धातू शुद्ध तांबं नाही. पिवळसर, कधी तपकिरी, कधी एकाच नाण्यावर दोन छटा, कारण भट्टीत जे मिळेल ते गेलं होतं. तेव्हा रंग एकसारखा नाही म्हणून घाबरू नका. दुसरी, ओतीव नक्कल तपासा. ठसा मारलेल्या नाण्याची अक्षरं पृष्ठभागातून सरळ उभी राहतात. ओतीव नकलेत ती पायथ्याशी विरघळल्यासारखी दिसतात, भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांचे टाचणीएवढे खड्डे असतात आणि कडेवर जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण असते. लाकडी टेबलावर हलकेच टाकून आवाज ऐकायची आपली जुनी सवय (खणखणीत की बद्द) या पितळी पातळ नाण्याला फारशी उपयोगी नाही, आणि कडेला पोचा पडला तर नुकसान तुमचं. तिसरी, त्या काळातल्याच नकला. लोकांनी तेव्हाही गनमनीची नक्कल केली होती. त्या ठसा मारूनच केलेल्या असतात, पण अक्षरं वेडीवाकडी आणि चेहरा बालिश. त्यांनाही संग्राहक असतात, पण भाव वेगळा. तुमचा फोटो बघून मला ते अस्सल वाटतं. मुकुटाच्या मध्यावर आणि राजदंड एकमेकांना ओलांडतात तिथे झीज आहे, महिना स्पष्ट आहे. महिना वाचता येणं या नाण्यात फार मोलाचं, कारण लोक महिन्यांचा संच जमवतात. मात्र जानेवारी दुर्मीळ महिन्यांत येत नाही, तेव्हा लॉटरी लागली असं समजू नका.

पुढचं १७२३चं, सातांतलं माझं सगळ्यात आवडतं. समोर पहिला जॉर्ज, मागे बसलेली हिबर्निया (स्त्रीरूपातलं आयर्लंड), हातात फांदी, शेजारी वीणा. विल्यम वुड नावाच्या इंग्लिश लोखंडवाल्याला १७२२ मध्ये आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा परवाना मिळाला. राजाच्या मर्जीतल्या डचेस ऑफ केंडलने तो दहा हजार पौंडांना त्याला विकला होता. डब्लिनमध्ये आग भडकली. लेखक आणि डब्लिनच्या कॅथेड्रलचा डीन जोनाथन स्विफ्ट याने कापडवाल्याचं सोंग घेऊन पत्रकं लिहिली की हा माल कचरा आहे, हातात घेऊ नका. चौथ्या पत्रानंतर लेखकाचं नाव सांगणाऱ्याला तीनशे पौंडांचं बक्षीस लागलं. सगळ्या डब्लिनला नाव ठाऊक होतं, कोणी तोंड उघडलं नाही. १७२५ मध्ये परवाना मागे घ्यावा लागला.

आता मौज बघा. स्विफ्टचा राजकीय मुद्दा पक्का होता, पण नाणं कचरा नव्हतं. टांकसाळीचा प्रमुख आयझॅक न्यूटन, हो तोच, त्याने १७२४ मध्ये तपासणी केली आणि तांबं चांगलं निघालं. वुडच्या हिबर्निया आजही हातात घेतल्या की त्या काळच्या बाकी आयरिश तांब्यापेक्षा मऊसूत, सोनेरी झाकेच्या, कोरीव दिसतात. कमी होतं ते वजन. एका पौंड तांब्यातून साठ हाफपेनी, म्हणजे नाणं सुमारे साडेसात ग्रॅमचं. इंग्लंडात तेव्हा त्याच पौंडातून सेहेचाळीस पाडत. तुमच्या काट्यावर ७.४ आलं म्हणता, म्हणजे बरोबर.

आयर्लंडने नाकारलेली ही नाणी पुढे अमेरिकेतल्या वसाहतींत खपवली गेली. त्यामुळे तिथले वसाहतकालीन नाण्यांचे संग्राहक ती आपलीच मानतात, आणि मागणी दोन देशांची झाली की भाव चढतो. १७२३ची हाफपेनी सगळ्यात सहज मिळणारी, १७२४ची कमी, आणि १७२२ची फार्दिंग खरोखर दुर्मीळ. १७२२च्या हाफपेनीत वीणा हिबर्नियाच्या कुठल्या बाजूला आहे यावरून दोन प्रकार पडतात, ते पुढे कधी भेटलं तर लक्षात ठेवा. तुमच्यात हिबर्नियाचा चेहरा आणि गुडघ्यावरच्या वस्त्राच्या चुण्या दिसतायत. या नाण्यात गुडघा आधी जातो. माझ्या हिशेबाने हे एकटंच चाळीस युरोंच्या वर आहे.

१७८१चं पाहून वाईट वाटेल, पण सांगतो: ते खोटं आहे. म्हणजे त्याच काळातलं खोटं. लंडनच्या टॉवर टांकसाळीची हाफपेनी पौंडाला बावन्न या हिशेबाने पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरते. झीज धरली तरी आठच्या फार खाली जाऊ नये. तुमची ५.४ ग्रॅमची. तिसऱ्या जॉर्जच्या या हाफपेनीच्या नकला तेव्हा इतक्या निघाल्या की डबे उपसताना खऱ्यापेक्षा खोटीच जास्त हाती येतात असं मला कितीदा वाटतं. वीणेला सहाच तारा, राजा जरा खवळलेला, हिबर्नियाच्या स्पेलिंगमधली अक्षरं तिरकी. फेकू मात्र नका. किमतीला थोडकी, पण मुलाला दाखवायला सातांत हीच मजेची.

१८०५ची पेनी म्हणजे अस्सल ढबू. ही बर्मिंगहॅमजवळच्या सोहोला मॅथ्यू बोल्टनच्या वाफेच्या यंत्रांवर छापलेली, म्हणून गोल अगदी गोल, कड नेटकी आणि कडेवरच्या खाचेत तिरप्या रेघा. त्या रेघा नसतील तर संशय घ्या. वजनात एक गंमत लपलीय. तेव्हा तेरा आयरिश पेन्स म्हणजे बारा इंग्लिश पेन्स. बोल्टनने १८०६ला छापलेली इंग्लिश पेनी १८.९ ग्रॅमची, आयरिश १७.४ ग्रॅमची. भागाकार करून बघा, बरोबर तेराला बारा येतं. आणि याच सोहोमधून मुंबई इलाख्यासाठी १७९१ पासून कंपनीचे तांब्याचे पैसे येत होते. एका बाजूला गाठोड्याची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारशीत ‘अदल’. कोकणातल्या एखाद्या जुन्या घरी तराजूछाप १८०४चा पैसा आणि तुमची १८०५ची पेनी शेजारी ठेवली तर एकाच कारखान्याची भावंडं आहेत हे कडा पाहूनच कळेल. या पेनीच्या दर्शनी प्रती तांब्याच्या, काळपट मुलाम्याच्या, सोनेरी मुलाम्याच्याही निघाल्या आणि त्यांचा भाव निराळाच असतो. तुमची रोज वापरातली, फाइनपेक्षा थोडी वर. काही युरो.

१९२८ची कोंबडी-पिल्लांची पेनी म्हणजे तांबं नव्हे, ब्राँझ. कवी येट्स ज्या समितीचा अध्यक्ष होता तिने पर्सी मेटकाफची ही गुराढोरांची, पक्ष्यांची चित्रं निवडली. पहिल्या वर्षाची म्हणून लोकांनी भरपूर जपून ठेवली, त्यामुळे स्वस्त. याच मालिकेत १९४०ची पेनी कमी झिजलेली मिळाली तर मात्र मला कळवा.

आता भाव. जुनं ते सोनं ही म्हण इथे चालत नाही. आपल्याकडे शिवराई बघा, दोन-तीनशे वर्षांची असूनही झिजलेली ढिगाने मिळते. भाव ठरतो तो किती उरलीत, किती जणांना हवीत आणि पृष्ठभाग कसा आहे यावर. तांब्यात तिसरी गोष्ट बाकी दोघींना खाऊन टाकते. एकाच सालाचं झिजलेलं नाणं दहाला मिळत असेल तर जवळपास कोरं शंभरच्या पुढे सहज जातं. ऑनलाइन विक्रेते जी किंमत मागतात ती पाहू नका, लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलेलं पाहा, आणि त्यातून लिलावघराचं कमिशन वजा करा. दुकानदाराने चाळीस सांगितले ते त्याच्या बाजूने फार गैर नाही. त्याला दुकानाचं भाडं आहे, पुढच्या गिऱ्हाइकाला सूट द्यायची आहे. पण चाळीसात वुडची हाफपेनी आणि गनमनी दोन्ही जाणार असतील तर मी देणार नाही. विकायचंच असेल तर ती दोन आणि व्होके पोप्युली वेगळी काढून लिलावात द्या. उरलेली चार मुलाकडे राहू देत.

तुम्ही मेटल डिटेक्टर घ्यायचा विचार आहे म्हणालात. आधी थांबा. आयर्लंडमध्ये जुन्या वस्तू शोधण्यासाठी तो परवान्याशिवाय वापरणं हा गुन्हा आहे, आणि जमिनीत सापडलेली पुरातन वस्तू नॅशनल म्युझियमला कळवावी लागते. डब्यातली नाणी घरातून घरात आली, त्यांची गोष्ट वेगळी. तरी आजींनी कधी, कशी दिली हे एका चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा. आणि सांगलीला बाबांकडे पाठवायची असतील तर इथून जुन्या वस्तू बाहेर नेण्याचे नियम आधी विचारून घ्या. भारतात गेल्यावर शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय पुन्हा देशाबाहेर नेता येत नाही. बाबांकडे पाठवून मग इथल्या लिलावात विकू, असा बेत असेल तर तो सोडा.

गनमनीचं वजन तुम्ही दिलेलं नाही. तेवढं घ्या, कडेचा एक फोटो बाजूच्या उजेडात काढा, आणि १७६०च्या मानेखालच्या ठिपक्याला दातकोरणी लावल्यावर काय झालं ते लिहा.